मदत हवी आहे : बिडाच्या पाइपचा शिशाचा जोड करणारा कोल्हापुरात कोठे मिळेल?

राजारामपुरीकर
नमस्कार. आमच्या तीन मजली जुन्या इमारतीच्या मागील बाजूस बिडाचा पाइप आहे आणि त्याचा शिशाचा एक जोड गळतो आहे. जो प्लंबर येतो तो सगळा पाइप उतरवून पीव्हीसी टाकण्याचा सल्ला देतो, आणि शिसे ओतून जोड करून द्या म्हटले की हसतो. मला पाइप बदलायचा नाही. हे काम येणारा माणूस कोठे मिळेल, एवढेच सांगावे. तळमजल्यावरचे भाडेकरू रोज तक्रार करत आहेत, त्यामुळे उत्तर लवकर मिळाल्यास बरे होईल.

निरोगी_घर
कृपया या भानगडीत पडू नका. पिण्याच्या पाण्यातील शिशाची मर्यादा भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. पाणी उकळल्याने शिसे जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण किंचित वाढतेच. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो.

राजारामपुरीकर
हा संडासाचा पाइप आहे. ते पाणी कोणी पीत नाही.

पाना_पक्कड
हे आधी लिहिले असते तर वरच्या ताईंचे श्रम वाचले असते. आता आणखी सांगावे : पाइप चार इंची आहे की तीन इंची? गळणारा जोड उभ्या पाइपवर आहे की आडव्या फांदीवर? पाणी सॉकेटच्या (म्हणजे ज्यात दुसऱ्या पाइपचे टोक बसते त्या रुंद तोंडाच्या भागाच्या) तोंडातून झिरपते की सॉकेटच्या अंगावरून? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण सॉकेटला उभी चीर गेली असेल तर शिसे ओतून काहीही उपयोग होणार नाही.

साइटवरचा_माणूस
साहेब, पन्नास-साठ वर्षांच्या बिडावर पैसे घालण्यात अर्थ नाही. आज एक जोड गळतो, उद्या दुसरा गळेल. निदान गळणाऱ्या जोडापासून खालचा भाग तरी पीव्हीसीचा करा आणि वरच्या बिडाला शिशानेच जोडून घ्या.

पाना_पक्कड
हा सल्ला कृपया कोणीही पाळू नये. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि ओतताना त्याहून बरेच गरम असते. पीव्हीसी तर ऐंशी अंशांच्या आसपासच मऊ पडते. बीड आणि पीव्हीसी जोडायचे तर रबरी जोडणी वापरावी लागते. शिवाय खालचा भाग काढण्याआधी वरच्या पाइपला भिंतीत मजबूत क्लॅम्प दिले नाहीत, तर वरचे सगळे वजन खाली सरकेल आणि आज जे जोड शाबूत आहेत तेही सुटतील.

साइटवरचा_माणूस
रबरी जोडणी म्हणायचे होते, लिहिताना घाई झाली. पाइप बदलावा हे माझे मत मात्र कायम आहे.

ओतकाम_कोल्हापूर
आपल्या शहरात शिसे ओतणारा मिळत नाही, हे ऐकून आश्चर्य वाटले. शिवाजी उद्यमनगरात चौकशी करा. जेथे चौदाशे अंशांचे लोखंड रोज ओतले जाते तेथे शिशाचे काय कौतुक?

पाना_पक्कड
ओतणे हा या कामातला सोपा भाग आहे. शिसे थंड होताना आकसते, त्यामुळे नुसते ओतून ठेवलेला जोड हमखास झिरपतो. खरे कसब नंतरच्या ठोकण्यात आहे : बोथट तोंडाच्या छिन्न्या बारीक ते जाड अशा क्रमाने घेऊन, शिसे पाइप आणि सॉकेट या दोन्हींच्या अंगाला दाबून बसेपर्यंत सगळीकडून सारखे ठोकायचे, आणि तेही सॉकेट फुटू न देता. ओतकामातला कारागीर कितीही निष्णात असला तरी हा हात त्याच्याकडे असेलच असे नाही.

ओतकाम_कोल्हापूर
हे मान्य आहे. मात्र ओल असलेल्या जोडात शिसे ओतले तर वाफ होऊन ते तोंडावर उडते, हे तरी आमच्या माणसाला शिकवावे लागणार नाही.

राजारामपुरीकर
पाइप चार इंची, उभा, बाहेरच्या भिंतीवर. पाणी सॉकेटच्या तोंडातूनच येते. जोडावर रंगाचे थर आहेत.

शाहूपुरीतली_ताई
आमच्याकडे असाच जोड होता. एम-सील लावले, पावसाळाभर टिकले.

राजारामपुरीकर
आणि पावसाळ्यानंतर?

शाहूपुरीतली_ताई
पुन्हा लावले.

पाना_पक्कड
राजारामपुरीकर साहेब, रंग खरवडून स्क्रू ड्रायव्हरचे टोक जोडात रुतवून पाहा. चकचकीत आणि मऊ लागले तर शिसे, राखाडी भुकटी पडली तर सिमेंट. अनेक इमारतींत खर्च वाचवण्यासाठी सिमेंटनेच जोड भरलेले असतात. मग सॉकेटवर हातोडीने अलगद टकटक करा. बीड शाबूत असेल तर खणखणीत आवाज येतो, चीर असेल तर बद्द येतो.

राजारामपुरीकर
वर सिमेंटचा पातळ थर निघाला, त्याखाली चकचकीत शिसे आहे. आवाज खणखणीत आहे. या पाइपमध्ये वरच्या दोन्ही मजल्यांवरच्या न्हाणीघरांचे गरम पाणीही सोडलेले आहे. त्याचा काही संबंध असेल का?

पाना_पक्कड
असू शकतो. गरम-गार पाण्याने पाइप लांबतो आणि आखडतो, आणि शिसे हळूहळू सैल होते. कोणीतरी पूर्वी ते पुन्हा ठोकण्याऐवजी वरून सिमेंट लिंपलेले दिसते. तेव्हा लगेच नवे शिसे ओतण्याची गरज नाही. सिमेंट पूर्ण काढून आहे तेच शिसे गोलाकार ठोकून घ्यावे. बऱ्याचदा एवढ्यावर गळती थांबते. न थांबल्यास शिसे उकरून काढावे, शिशाखाली भरलेला कुजलेला ताग बदलून घट्ट ठासावा आणि वर सुमारे २५ मिलिमीटर शिसे बसेल एवढी जागा ठेवून एकाच दमात ओतावे. चार इंची जोडाला साधारण किलोभर शिसे लागते. जोड कोरडा करणे शक्यच नसेल, तर शिशाच्या तारांचा पुंजका मिळतो, तो न वितळवता थरांवर थर ठोकून बसवता येतो. माणूस शोधताना ‘शिसे ओतता का’ असे न विचारता ‘बिडाचा जोड ठोकता का’ असे विचारावे, म्हणजे निवृत्त झालेले जुने प्लंबर पुढे येतील.

निरोगी_घर
वितळवायची वेळ आलीच तर ते उघड्यावर करावे, मुलांना लांब ठेवावे, स्वयंपाकाचे भांडे वापरू नये आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. यावर तरी कोणाचे दुमत नसावे.

राजारामपुरीकर
आभारी आहे. मंगळवार पेठेतले एक वयस्कर कारागीर यायला तयार झाले आहेत. काम झाल्यावर वरच्या मजल्यांचे संडास किती वेळ बंद ठेवावे लागतील?

पाना_पक्कड
नुसते ठोकले तर अजिबात नाही. ओतले तर शिसे निवून ठोकून होईपर्यंत, तासाभरापेक्षा जास्त नाही. सिमेंटसारखे त्यावर पाणी मारत बसावे लागत नाही. लगेच वरून दोन-तीन बादल्या पाणी एकदम ओतून खाली जोडाभोवती कोरडा कागद गुंडाळून पाहा. ओल आली तर कारागीर निघून जाण्याआधीच कळेल.