अंदमान, डिसेंबरअखेर 6 रात्री : बेटांचा क्रम कसा लावावा?

रंकाळाकाठ
डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कोल्हापुरातून अंदमानला निघतोय. सोबत सत्तरीतले आई-वडील आणि नऊ वर्षांची मुलगी. मिरजेहून राणी चेन्नम्माने बेंगळुरू, तिथून विमान. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील आणि जमलं तर बाराटांगही बघायचं आहे. आईला बोट लागते. पोहता कुणालाच येत नाही. क्रम कसा लावू?

शाहूपुरीकर
ठिकाणं धरून नाही, बोटी धरून बेत आखा. पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, मग हॅवलॉक 2, नील 1 आणि शेवटच्या 2 पुन्हा पोर्ट ब्लेअर. वारा वाढला की फेऱ्या रद्द होतात. त्यामुळे नीलहून सकाळची बोट आणि त्याच दुपारी विमान हा बेत कधीच करू नका. शेवटचा दिवस त्यासाठीच मोकळा ठेवायचा.

आधी बोटीची तिकिटं, मग हॉटेल. त्या आठवड्यात गर्दी फार असते. शोधताना नवी नावं लक्षात ठेवा : हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप, पोर्ट ब्लेअर आता श्री विजयपुरम. तिकिटावर धक्का कोणता लिहिलाय, फिनिक्स बे की हॅडो, तेही पाहा. ओळखपत्र प्रत्येकाचं मूळ हवं.

बोट लागण्याची गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. आईंची इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच. पोट रिकामं ठेवू नका, जागा खालच्या मजल्यावर मधोमध घ्या. तिथे हेलकावे कमी बसतात.

आणखी एक, जे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. कोल्हापूर 74 रेखांशावर, अंदमान 93 च्या आसपास, घड्याळ मात्र एकच. एका अंशाला 4 मिनिटं धरली तर तिकडे सूर्य सव्वा तास आधी मावळतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्यास्त! हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर साडेतीनलाच पोहोचा. दिवस पहाटे सुरू केला तरच हाती लागतो.

भरती_ओहोटी
नीलवर भरतीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय रिक्षा ठरवू नका. लक्ष्मणपूरचा नैसर्गिक दगडी पूल ओहोटीलाच नीट बघता येतो, उलट भरतपूरच्या काचेच्या तळाच्या बोटींना पाणी लागतं. दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, म्हणजे ओहोटीही खोल जाते आणि पूल बघायला सोपा. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी फारसं उतरत नाही. कालनिर्णय बघून नीलचा दिवस हलवता आला तर जरूर हलवा.

पुलाकडची वाट खडकाळ आणि शेवाळलेली आहे. चप्पल नको, मागून पट्टा असलेले रबरी तळाचे सँडल घ्या. प्रवाळाने कापलं तर जखम लवकर चिघळते, आणि पाय दिला की प्रवाळही मरतं. वडिलांना गुडघेदुखी असेल तर त्यांनी वरूनच बघावं.

रंकाळाकाठ
आभारी आहे, दोन्ही मुद्दे माहीत नव्हते. मग बाराटांग? आणि स्कूबा?

शाहूपुरीकर
बाराटांग या वेळी सोडा. पहाटे तीन-चारला निघून शंभरेक किलोमीटर, गाड्यांच्या ताफ्यातून जारवा आदिवासींचं राखीव क्षेत्र ओलांडायचं, मग होडी, मग चुनखडीच्या गुहेपर्यंत चाल. तुमचा मोकळा दिवस त्यातच संपेल. आणि कधी गेलातच, तर त्या रस्त्यावर गाडी थांबवणं, जारवांचे फोटो काढणं, त्यांना खाऊ देणं हा गुन्हा आहे. त्यांचं ते घर आहे.

त्याऐवजी सेल्युलर जेलला पूर्ण सकाळ द्या. सातपैकी तीनच इमारती उरल्यात, सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे.

भरती_ओहोटी
स्कूबाला पोहणं यायची गरज नाही, प्रशिक्षक सोबत असतो. सर्दी असेल तर मात्र उतरू नका, कानातला दाब मोकळा होत नाही आणि पडद्याला इजा होते. शेवटची डुबकी आणि विमान यांत किमान 18, जमल्यास 24 तास हवेत. स्कूबा हॅवलॉकलाच करा, तुमच्या बेतात विमान त्यानंतर काही दिवसांनी आहे, तेव्हा अडचण नाही. मुलीचं किमान वय मात्र केंद्रावर आधीच विचारा.

शंख-शिंपले, मेलेलं प्रवाळसुद्धा बॅगेत घालू नका. विमानतळावर तपासणीत काढून घेतात, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली कारवाई होऊ शकते.