गुढीपाडव्याच्या जोडसुट्टीत मुंबईजवळ एक दिवसाची सहल

प्रश्न: पाडव्याला लागून शनिवार-रविवार येत असल्याने सासूबाई आणि लहान मुलांसह, मुक्काम न करता, शहराबाहेर मोकळ्या हवेत एक दिवस घालवायचा आहे. स्वतःची गाडी नाही. कुठे जावे?

उत्तर १: माथेरानला जावे. लोकलने नेरळला उतरून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जाता येते. तिथून पुढे खासगी मोटारींना बंदी असल्यामुळे मुले निर्धास्तपणे चालू शकतात, आणि सुमारे ८०० मीटर उंचीवरील दाट झाडीत चैत्रातले ऊनही सुसह्य होते. सासूबाईंसाठी नाक्याजवळच्या अमन लॉज स्थानकापासून छोटी रेल्वेगाडी आहे. खाऊ मात्र पिशवीत बंद ठेवावा, कारण तिथली माकडे तो हातातून ओढून नेतात.

उत्तर २: सुट्टीत त्या गाडीच्या तिकिटांसाठी मोठी रांग लागते आणि ज्येष्ठांना उन्हात ताटकळत ठेवणे मला योग्य वाटत नाही, म्हणून पनवेलपुढचे, मुंबई-गोवा महामार्गालगतचे कर्नाळा पक्षी अभयारण्य मी सुचवेन. किल्ल्याची चढण टाळून पायथ्याच्या जंगलातच फिरावे. सकाळी लवकर पोहोचणे महत्त्वाचे, कारण ऊन चढल्यावर पक्षी फारसे दिसत नाहीत.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे कर्नाळाच ठरवते.