फक्त दराची फाइल बदलली की क्लाउड बिल्डचा ट्रिगर फायरच होत नाही

प्रश्न – देवगड

नमस्कार मंडळी. जामसंड्याकडच्या काही बागायतदारांची हापूस बुकिंगची साइट मी सांभाळते. गिऱ्हाईक बहुतेक मुंबई-पुण्याचं, पेटी थेट बागेतून जाते, मध्ये दलाल नाही. कोड गिटहबवर आहे. मेन ब्रँचला (कोडच्या मुख्य शाखेला) गूगल क्लाउड बिल्डचा ट्रिगर जोडलाय, म्हणजे तिथे बदल आला की बिल्ड आपोआप सुरू होतो आणि साइटचं तयार गाठोडं, म्हणजे इमेज, बनते. ती आर्टिफॅक्ट रजिस्ट्रीत (इमेज साठवायच्या जागेत) जाते आणि तिथून क्लाउड रनवर, म्हणजे साइट जिथे चालते तिथे, चढते. सगळं मुंबई रीजनमध्ये, म्हणजे एशिया-साउथ१. सेटअप आमच्याच ओळखीच्या एका मुलाने करून दिला होता. तो आता नोकरीसाठी बाहेर असतो, त्याला उठसूट फोन करणं मला बरं वाटत नाही.

अडचण अशी, की पानाची मांडणी किंवा फॉर्म बदलून पुश केलं (बदल गिटहबवर पाठवला) तर बिल्ड लगेच हिस्टरीत दिसतो आणि हिरवा होतो. पण कोणी फक्त दर बदलले तर काहीच होत नाही. लाल नाही, पिवळं नाही, हिस्टरीत ओळच येत नाही. गिटहबवर कमिट (नोंदवलेला बदल) व्यवस्थित दिसतो, त्याच मेन ब्रँचवर. मग मी कन्सोलमध्ये जाऊन त्याच ट्रिगरचं रन बटण दाबते आणि सगळं सुरळीत पार पडतं, साइटवर नवा दर येतो.

दर एका जेसॉन फाइलमध्ये असतात, ती डेटा फोल्डरमध्ये आहे. चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी अशा पेट्यांचे वेगवेगळे दर. बागायतदारांच्या घरातली दोन-तीन मुलं ही फाइल मोबाइलवरून, गिटहबच्या साइटवरच उघडून बदलतात. बागेत रेंज असते-नसते, पण संध्याकाळी घरी आल्यावर जमतं.

हे मला एवढं का लागलंय ते सांगते. परवा अवकाळी पाऊस झाला, माल कमी निघणार हे दिसत होतं, म्हणून सगळ्यांनी बसून पाच डझनीचा दर चढवला. फाइल बदलली, साइटवर मात्र रात्रभर जुनाच दर. रात्रीत बुकिंग आली, पैसेही भरून झाले. साइटवर लिहिलेला दर पाळायचा हे आमचं ठरलेलं आहे, तेव्हा त्या पेट्या जुन्या दरानेच गेल्या. फवारणीचा, राखणीचा खर्च करून बसलेल्या माणसाच्या खिशातून तो फरक गेला. सकाळी काकांनी अंगणातूनच विचारलं, "दर बदाललो नाय अजून?" आणि मला उत्तर देता आलं नाही.

तपासलेलं: ट्रिगर एनेबल्ड आहे. इव्हेंट "पुश टू अ ब्रँच" आहे. ब्रँचचा पॅटर्न ^मेन$ असाच आहे. गिटहबवर क्लाउड बिल्डचं अॅप इन्स्टॉल आहे आणि या रिपोची (कोडच्या साठ्याची) परवानगी त्याला आहे. मोबाइलवरून केलेल्या कमिटला वेबहुक (गिटहबने क्लाउड बिल्डला पाठवायची सूचना) जात नाही असं काही असतं का? मला तेवढाच फरक दिसतोय.

उत्तर – मालवण

माका पण असाच झाला व्हता गो. रिपो हल्ली दुसऱ्या अकाउंटाखाली हलवलास काय? मी स्कूबावाल्यांच्या बुकिंगचा रिपो माझ्या नावावरून त्यांच्या ऑर्गनायझेशनखाली नेला आणि ट्रिगर गपगार पडला. कन्सोलमध्ये जोडणी दिसत होती, पण ती जुन्या जागेची. रिपो नव्याने जोडून ट्रिगर त्याच्यावर लावला तेव्हा सुरू झाला.

देवगड

रिपो हलवलेला नाही. आणि कोड बदलला की चालतोच ना, म्हणजे जोडणी जिवंत आहे असं मी धरून चालले आहे.

उत्तर – रत्नागिरी

ताई, तुम्ही बरोबर धरलंय, आणि तेच धरून पुढे जा. एकाच ब्रँचवरचा एक पुश पोचतो आणि दुसरा पोचत नाही, तेव्हा जोडणी, अॅप, परवानग्या यांत वेळ घालवू नका. मोबाइलचाही संबंध नाही. गिटहबच्या साइटवर फाइल बदलून कमिट केली तरी तो पुशच असतो, इव्हेंट तसाच निघतो.

अशा वेळी मी पहिला प्रश्न एकच विचारतो: बिल्ड तयार झाला आणि पडला, की तयारच झाला नाही? पडला असेल तर यामल (बिल्डच्या पायऱ्या लिहिलेली फाइल), परवानग्या, डॉकरफाइल (इमेज कशी बनवायची ते सांगणारी फाइल) बघायची. तयारच झाला नसेल तर यामल वाचलीसुद्धा गेलेली नाही, तिला हात लावण्यात अर्थ नाही. तुमचं दुसऱ्या प्रकारचं आहे. (हिस्टरीच्या पानावर वर रीजन निवडायचं असतं. तिथे ग्लोबल निवडलं असेल तर मुंबईतले बिल्ड दिसणारच नाहीत आणि माणूस उगाच घाबरतो. पण तुम्हाला इतर बिल्ड दिसतायत, तेव्हा ते नाही.)

आता तुमच्या दोन प्रकारच्या कमिटमध्ये खरा फरक काय? कोणत्या फोल्डरमधली फाइल बदलली, हा. ट्रिगर एडिट करायला उघडा आणि ब्रँचच्या खाली जा. तिथे इन्क्लूडेड आणि इग्नोर्ड फाइल्सचा फिल्टर असतो. तो भाग दुमडलेला असतो, उघडल्याशिवाय दिसत नाही, म्हणून भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतो. माझा अंदाज आहे की इन्क्लूडेडमध्ये सोर्स फोल्डर लिहिलेला असेल आणि डेटा नसेल.

नियम असा आहे. आधी इग्नोर्ड बघितलं जातं: बदललेल्या सगळ्याच फाइल्स त्यात बसल्या तर बिल्ड नाही. उरलेल्यांपैकी निदान एक फाइल इन्क्लूडेडमध्ये बसली पाहिजे, पण ही अट इन्क्लूडेडमध्ये काही लिहिलेलं असेल तरच. ते रिकामं असेल तर कुठलीही फाइल चालते. आणि फिल्टरने अडवलं तर हिस्टरीत नोंद होत नाही, म्हणून तुम्हाला लाल-पिवळं काही दिसलं नाही. रन बटण दाबलं तेव्हा मात्र तुम्ही स्वतःच बिल्ड सुरू केला, तिथे कुठल्या फाइल बदलल्या हा प्रश्न येत नाही.

लिहिताना एक तारा आणि दोन तारे यात गोंधळ करू नका. फोल्डरच्या आतले फोल्डरही धरायचे असतील तर दोन तारे: डेटा/**.

आणखी एक गोष्ट बघून घ्या. मुलं कमिटच्या मेसेजमध्ये काय लिहितात? चौकटी कंसात "स्किप सीआय" किंवा "सीआय स्किप" असेल तर क्लाउड बिल्ड तो पुश सोडून देतं. कोणीतरी कुठून तरी मेसेज कॉपी करतं आणि ते शब्द तसेच राहतात, मी बघितलंय.

उत्तर – वेंगुर्ला

फिल्टर नसेलच तर अजून एक सांगून ठेवतो, दुसऱ्या कोणाला उपयोग होईल. ट्रिगर टॅगवर असेल आणि तुम्ही एका दमात तीनपेक्षा जास्त टॅग पुश केले, तर गिटहब त्या टॅगसाठी इव्हेंट पाठवतच नाही. जुने टॅग एकदम चढवताना आमचं हेच झालं होतं. टॅग एकेक करून पुश करा.

देवगड

रत्नागिरीकर, अगदी तेच निघालं. तो भाग दुमडलेलाच होता. इन्क्लूडेडमध्ये दोन ओळी: सोर्स/** आणि डॉकरफाइल. बस. त्या मुलाशी शेवटी बोलले. त्याने फिल्टर लावला तेव्हा दर सोर्समध्येच होते. कोणी रीडमीमध्ये दोन शब्द बदलले तरी बिल्ड सुटायचा, ते टाळायला फिल्टर होता. नंतर मोबाइलवर फाइल पटकन सापडावी म्हणून दरांची फाइल डेटामध्ये आणली आणि फिल्टर होता तिथेच राहिला.

डेटा/** ची ओळ घातली, सेव्ह केलं. आधीच्या कमिटसाठी अर्थातच काही सुरू झालं नाही, पण आज संध्याकाळी चार डझनीचा दर बदलला आणि बिल्ड आपसूक सुरू झाला. मनापासून आभार.

पण लगेच दुसरंच दिसलं, आणि ते मला जास्त धोक्याचं वाटतंय. एका मुलाने दर टाकला, चूक लक्षात आल्यावर लगोलग दुरुस्त करून दुसरा कमिट केला. दोन बिल्ड सुरू झाले. दोन्ही हिरवे झाले. साइटवर मात्र चुकीचा, म्हणजे पहिल्या कमिटमधला दर! गिटहबवरची फाइल बरोबर आहे. हे कसं काय?

उत्तर – रत्नागिरी

दोन्ही बिल्डची संपण्याची वेळ बघा. पहिला बिल्ड दुसऱ्याच्या नंतर संपला असणार. क्लाउड बिल्ड हे बिल्ड एकामागे एक रांगेत लावत नाही, दोन पुश आले की दोन बिल्ड शेजारी शेजारी चालतात. पहिल्याला डॉकरचे लेअर ओढायला वेळ लागला, दुसरा पुढे निघून गेला, आणि मग पहिल्याने येऊन क्लाउड रनवर आपली जुनी इमेज चढवली. शेवटी जो येतो त्याचंच राहतं. क्लाउड रनच्या रिव्हिजन्सच्या (चढवलेल्या आवृत्त्यांच्या) यादीत हा क्रम दिसेल. आत्ता लगेच करायचं असेल तर त्याच यादीतून सगळी ट्रॅफिक बरोबर दराच्या रिव्हिजनकडे वळवा. मात्र ट्रॅफिक अशी हाताने एका रिव्हिजनला बांधली की पुढचे डिप्लॉय होऊनही लोकांना दिसत नाहीत. तेव्हा नंतर ती "लेटेस्ट"कडे परत द्यायची, हे विसरू नका.

कायमचं करायचं तर माझं स्पष्ट मत: दर म्हणजे कोड नव्हे. रोज बदलणारा आकडा इमेजमध्ये शिजवून टाकू नये. फाइल क्लाउड स्टोरेजच्या बकेटमध्ये ठेवा, साइटने तिथून वाचावी. दर बदलायला बिल्डच नको, मग शर्यतही नको.

देवगड

वेळा तशाच निघाल्या, पहिला नंतर संपला. ट्रॅफिक वळवली, दर बरोबर दिसतोय.

बकेटचं तुमचं म्हणणं समजलं, आणि एकट्याची बाग असती तर तसंच केलं असतं. पण इथे अनेक घरांचा माल एका दरात जातो. "दर कोणी उतरवला?" हा प्रश्न मे महिन्यात हमखास येतो, आणि तो नुसता प्रश्न राहत नाही, त्यावरून चार दिवस बोलणं बंद होतं. गिटमध्ये कोणी, किती वाजता, कितीचा किती केला ते सगळ्यांना दिसतं, आणि जुन्या पिढीतले लोकही आता मुलांना "ता हिस्टरी दाखव" म्हणतात. ते मी सोडणार नाही. बकेटमध्ये जुन्या आवृत्त्या ठेवता येतात हे माहीत आहे, पण मोबाइलवर ती ओळ-ओळ तुलना काकांना कोण दाखवणार? दर रिपोतच ठेवून ही शर्यत थांबवता येईल का?

उत्तर – रत्नागिरी

हे कारण पटलं. मग यामलमध्ये सगळ्यात पहिली पायरी अशी घाला: याच ट्रिगरचे चालू असलेले बिल्ड शोधायचे आणि रद्द करायचे. जीक्लाउड या गूगलच्या कमांड साधनात बिल्ड्स लिस्टला "ऑनगोइंग" लावलं की चालू असलेलेच येतात, रीजन द्यायला विसरू नका. फक्त स्वतःपेक्षा आधी तयार झालेलेच रद्द करा, वेळेचा फिल्टर लावून. नुसतं "मी सोडून बाकी सगळे" लिहिलं तर जवळजवळ एकदम सुरू झालेले दोन बिल्ड एकमेकांना मारतील आणि दर कुठलाच चढणार नाही.

बिल्ड रद्द करायला सर्व्हिस अकाउंटला (बिल्ड ज्या खात्याच्या नावाने चालतो त्याला) क्लाउड बिल्ड एडिटरचा रोल लागेल. त्यासाठी वेगळं सर्व्हिस अकाउंट काढा, प्रोजेक्टच्या डिफॉल्ट अकाउंटवर रोल चढवत बसू नका. नवीन अकाउंट ट्रिगरला दिलंत की बिल्ड आधी लॉगवरून अडेल: स्वतःचं अकाउंट असेल तर लॉग कुठे जाणार हे यामलच्या ऑप्शन्समध्ये सांगावंच लागतं. "क्लाउड लॉगिंग ओन्ली" लिहा आणि अकाउंटला लॉग रायटर द्या. शिवाय आर्टिफॅक्ट रजिस्ट्री रायटर, क्लाउड रनवर चढवण्यासाठी क्लाउड रन अॅडमिन, आणि साइट ज्या अकाउंटने चालते त्याच्यावर सर्व्हिस अकाउंट युझर. हा शेवटचा राहिला तर "अॅक्टअॅज"ची परवानगी नाही असा एरर येतो, आणि नावावरून काही उमगत नाही.

पहिला बिल्ड डिप्लॉयच्या पायरीवरच पोचला असेल तर रद्द करूनही ते डिप्लॉय पुरं होऊ शकतं, एवढी फट राहते. म्हणून डिप्लॉयच्या ऐन आधी आणखी एक तपासणी ठेवा: मेनचा सध्याचा शेवटचा कमिट गिटहबला विचारायचा, तो आणि या बिल्डचा कमिट-शा (कमिटची ओळखखूण) वेगळे निघाले तर तिथेच थांबायचं.

देवगड

दोन्ही घातलं. लॉगवरून अडला, तुम्ही म्हणालात तसाच, पण उत्तर हाताशी होतं. मग मुद्दाम एकामागोमाग दोन दर पुश करून बघितले: पहिला बिल्ड "कॅन्सल्ड" दिसतो, दुसरा हिरवा, आणि साइटवर दुसराच दर. ट्रॅफिकही "लेटेस्ट"कडे परत दिली आहे.

ट्रिगरच्या डिस्क्रिप्शनमध्ये मराठीत लिहून ठेवलंय, की नवा फोल्डर केला तर खालचा फिल्टर उघडून त्याचं नाव घालायचं. मुलांनाही दाखवलं. दर बदलल्यावर साइट उघडून आकडा डोळ्यांनी बघितल्याशिवाय ग्रुपवर "झालं" म्हणायचं नाही, असं ठरलंय. मालवणकर, वेंगुर्लेकर, तुमचेही आभार.