1987 सालचा वन बीएचके घेऊन विकायचाय, चार लाख कुठे घालू?

नवखा_धनकवडी:
नमस्कार मंडळी. मेहुण्याबरोबर (बायकोचा भाऊ) भागीदारीत धनकवडीत एक फ्लॅट बघून ठेवलाय. 1987 ची तीन मजली इमारत, लिफ्ट नाही, आपला दुसऱ्या मजल्यावर, 540 स्क्वेअर फूट बिल्टअप. मालक आजोबा मुलीकडे बंगळुरूला कायमचे चाललेत, 34 लाखांना द्यायला तयार आहेत. तळमजल्यावरचा असाच फ्लॅट, नीट आवरलेला, गेल्या दिवाळीत 41 ला गेला असं एजंट सांगतो. (एजंटचं बोलणं, निम्मं धरा.)

मोझॅक फरशी काळवंडलीय, ओटा कडप्प्याचा, संडास भारतीय आणि मोरी वेगळी. माझी यादी: मॉड्युलर किचन दीड लाख, सगळीकडे दोन बाय चारची व्हिट्रिफाइड फरशी लाखभर, हॉलला फॉल्स सीलिंग 55 हजार, गॅलरी बंद करून छोटी खोली. उरलेल्यात संडास-मोरी आणि रंग. बायको म्हणते ही यादी खालून वर वाचा. तुम्ही काय म्हणता?

सुलूमावशी:
तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा.

आम्ही नवराबायकोने असे चार फ्लॅट घेऊन विकले, त्यातल्या एकात हात पोळले, म्हणून लिहितेय. आधी आकडे. 34 आणि 41 मध्ये सात लाख दिसतात, पण पुण्यात मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 2 लाख 38 हजार, वर नोंदणीचे 30 हजार. खरेदी फक्त बायकोच्या नावावर केलीत तर एक टक्का सवलत, 34 हजार वाचतील. मेहुणा तिचाच भाऊ, फार ओरडणार नाही. पुढे सोसायटीचा ट्रान्स्फर प्रीमियम, दोन्ही वेळचा एजंट, मधल्या महिन्यांचा मेंटेनन्स. चार लाख घातलेत की तुमच्याच खिशातून जायला लागले. पावणेदोनच्या वर जाऊ नका, आणि 34 ला तर घेऊच नका. शिवाय 24 महिन्यांच्या आत विकलात तर नफ्यावर तुमच्या स्लॅबने कर. दुरुस्तीचा खर्च त्यातून वजा होतो, पण पक्की बिलं हवीत. मिस्त्री म्हणेल "बिल कशाला ताई", तुम्ही ऐकू नका.

आता हात पोळले ते. सहकारनगरचा पहिलाच फ्लॅट. हॉलला पीओपीचं फॉल्स सीलिंग, त्यात पिवळे दिवे, 90 हजार गेले. काय दिसत होता म्हणून सांगू! एक काका आले, हातात काठी. दिव्यांकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही. सरळ बेडरूममध्ये गेले आणि मोरीला लागून असलेल्या भिंतीवर, गुडघ्याच्या उंचीला, तळहात दाबून धरला. हात काढला तर रुपयाएवढी पुट्टीची खपली हाताला चिकटून आली. खाली पांढरा लोणा, ओलीने भिंतीतून येणारा खार. त्यांनी बोट चोळून वास घेतला, मला म्हणाले, "पावसाळ्यात परत येतो," आणि गेले. पाच महिने फ्लॅट पडून होता. शेवटी नवी मोरी फोडली, नहाणी ट्रॅपची, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालच्या भांड्याची, कड सुटलेली होती. पीओपी केलं ते पैसे तर गेलेच.

म्हणून मोरी आणि संडास पहिले. टाइल्सवर टाइल्स चिकटवू नका, खालच्या कोब्यापर्यंत (सिमेंटच्या थरापर्यंत) फोडा. वॉटरप्रूफिंग झालं की नहाणी बुजवून दोन दिवस पाणी भरून ठेवा आणि पहिल्या मजल्यावाल्यांचं छत रोज जाऊन बघा. चहा मिळतो, ओळख होते, विकताना ती माणसं चार चांगले शब्द बोलतात. जीआयचे (लोखंडी) पाइप असले तर तेव्हाच काढून सीपीव्हीसी (प्लास्टिकचे) टाका, जुने आतून गंजून करंगळीएवढं भोक उरलेलं असतं. भारतीय संडासाच्या जागी साधा कमोड बसवा, भिंतीवरचा महागडा नको. मोरी आणि संडास एक करू नका. सकाळी साडेसातला दोन दारं असण्याची किंमत वन बीएचकेवाल्याला विचारा.

फरशी बदलू नका, पॉलिश करा. नवीन फरशी म्हणजे जुनीचा राडारोडा दोन मजले उतरवायचा, नवी चढवायची, आणि जुनीवरच बसवलीत तर सगळी दारं खालून तासायची. फक्त पॉलिशचा चिखल मोरीत सोडू देऊ नका, पाइपात दगड होऊन बसतो. बादलीतून खाली न्यायला लावा, समोर उभं राहून.

गॅलरीला हात लावू नका. मंजूर नकाशात खोली नाही म्हटल्यावर गिऱ्हाइकाच्या बँकेचा व्हॅल्युअर (कर्जासाठी घराची किंमत ठरवणारा) त्यावरच बोट ठेवतो. तुमच्या मॉड्युलर किचनचे तो पैसेही धरत नाही, इमारतीचं वय बघतो.

फेज_न्यूट्रल:
वायरमन आहे, थोडक्यात लिहितो. 87 ची वायरिंग म्हणजे बोर्डवर चिनी मातीचे फ्यूज असणार. पूर्ण तांब्याची वायर ओढा: दिव्यांना दीड, प्लगला अडीच, गिझर-एसीला चार स्क्वेअर एमएम. फ्यूजच्या जागी एमसीबी आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडते ती). अर्थिंग खरंच आहे का तपासा, तीन पिनांचं सॉकेट दिसलं म्हणून धरून चालू नका. हे रंगाआधी. रंगानंतर मला बोलावणारे लोक माझ्या विशेष प्रेमातले आहेत.

तिसरा_मजला:
सगळं बरोबर, पण सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर, झालंय का? रिडेव्हलपमेंटची बोलणी किती पुढे गेलीत? सेक्रेटरीकडे गेल्या दोन-तीन वर्षांची सभेची इतिवृत्तं मागा. बिल्डर नेमण्यापर्यंत गोष्ट आली असेल तर येणारं गिऱ्हाईक तुमची मोरी बघणारच नाही, नवीन फ्लॅट किती स्क्वेअर फुटांचा मिळणार एवढंच विचारेल. मग रंगाचा एक हात मारा आणि विका.

नवखा_धनकवडी:
आज परत जाऊन आलो. कन्व्हेयन्स झालेलं नाही, रिडेव्हलपमेंट दर सभेत निघते आणि पार्किंगच्या भांडणात बुडते. म्हणजे दुरुस्ती करायचीच.

मावशी, बेडरूमच्या भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला तळहात दाबला. खपली आली. आजोबा शेजारीच होते, म्हणाले, "ते जुनंच आहे हो." मेहुण्याने तिथल्या तिथे 32 म्हटलं. आजोबा मुलीला विचारून सांगतो म्हणाले, पण चिडले नाहीत.

यादीतून किचन, फरशी, सीलिंग, गॅलरी सगळं गेलं. बायको काही बोलत नाहीये, नुसती बघतेय. एकच शंका: कडप्प्याचा ओटा ठेवायचा की ग्रॅनाइट?

सुलूमावशी:
तांब्याभर पाणी घेऊन जा आणि ओट्यावर भिंतीच्या बाजूला ओता. सिंककडे उतरलं तर ओटा ठेवा, घासून तेल लावा, वरच्या टाइल्स तेवढ्या बदला. पाणी गॅसखाली तळं करून बसलं तर ओटा काढा. आणि काढायची वेळ आली तर कडप्पा भंगारात देऊ नका, माळ्यावर फळी म्हणून बसवा.