कुत्र्याला घेऊन अलिबाग ते गुहागर चालत, कोणी केलंय का?

पायवाट_पुणे
नमस्कार मंडळी, डिसेंबरमध्ये पंधरा-सोळा दिवस सुट्टी मिळतेय आणि अलिबागपासून गुहागरपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने चालत जायचं डोक्यात आहे, नकाशावर मोजलं तर दोनशे किमीच्या आसपास भरतंय. सोबत आमचा बंड्या. गावठीच आहे, चार वर्षांचा, वजन १८ किलो. राजगड, सिंहगड कितीदा केलेत माझ्याबरोबर, पण सलग इतके दिवस कधी चाललेला नाही. रोजचे १५ किमी धरलेत मी. जमेल का त्याला? फेरीबोटीत घेतात का? त्याला मागे ठेवून मला जायचंच नाहीये.

खाडीपलीकडे
ताई, मी दोन वर्षांपूर्वी माझ्या कुत्रीला घेऊन दिवेआगर ते दाभोळ केलंय. १५ विसरा, १० धरा. कुत्रं आपल्यासाठी चालत राहतं हो, दुखलं तरी थांबत नाही. पहिले दोन दिवस ही पुळणीवर नुसती पळत सुटलेली, मी पण खूश, आणि तिसऱ्या दिवशी बघतो तर मागच्या पायाची गादी फाटलेली, खारं पाणी आणि शिंपल्यांच्या कपच्या, दुसरं काय. केळशीला तीन दिवस बसून राहिलो आणि त्या तीन दिवसांत मला खरंच स्वतःचा राग आला. तेव्हा रोज मुक्कामाला गेल्यावर आधी गोड्या पाण्याने पंजे धुवा, बोटांच्या बेचक्यात बघा, मग आपला चहा. तीन दिवस चाललात की एक दिवस पूर्ण आराम.

ओहोटीच्या वेळा बघून निघा, ओली घट्ट वाळू मिळते. पण सगळीकडे किनारा सलग नाही, मधे डांबरी रस्ता येतोच. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून ठेवा, नाही ठेववली तर त्यालाही चालवू नका. म्हणजे पहाटे निघून दहाच्या आत मुक्काम.

तुम्हाला आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी आणि दाभोळ-धोपावे अशा तीन बोटी लागतील. मी बागमांडल्याला घेतली, कोणी अडवलं नाही. पट्टा आखूड धरा, रॅम्पच्या आवाजाला बिचकतात. राहायचं मात्र आधी फोन करूनच ठरवा, कुत्रं आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. माझी एक रात्र ओटीवर गेली.

गुरांचा_डॉक्टर
रेबीजचं आणि लेप्टोचं इंजेक्शन वर्षाच्या आतलं आहे ना ते बघा. गोचिडांची गोळी निघायच्या आधी द्या, गोचीडताप प्रवासात लवकर लक्षात येत नाही. थर्मामीटर ठेवा, कुत्र्याचं नॉर्मल तापमान १०१ ते १०२.५ असतं, १०४ च्या वर गेलं आणि तो जोरजोरात धापतोय, तोल जातोय असं दिसलं तर सावलीत नेऊन अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि गाडी करून दवाखाना गाठा. समुद्राचं पाणी पिऊ देऊ नका, गोडं पाणी दर अर्ध्या तासाने पुढे करा.

आणखी दोन गोष्टी. कोळी जाळ्यातून काढून केंड मासा वाळूत टाकतात, तो विषारी असतो आणि कुत्रं तो पटकन तोंडात घेतं. दुसरं म्हणजे कातळावर फुरसं. नाक घालत फिरणाऱ्या कुत्र्याला तोंडावरच चावतं. माणसाला देतात तेच अँटीव्हेनम कुत्र्याला चालतं, वाटेत ते कुठे मिळेल याची चौकशी आधीच करून ठेवा.

बाणकोटवाली
माझं माहेर वेळासच्या जवळ. एक कळकळीची विनंती, वेळास, केळशी, आंजर्ले इथे बंड्याला पट्ट्याशिवाय सोडू नका, कितीही शहाणा असला तरी. नोव्हेंबरपासून कासवं अंडी घालायला येतात, एका घरट्यात शंभरेक अंडी. २००२ पासून गावातली माणसं पहाटे किनारा चालून ती शोधतात आणि कुंपणात नेऊन पुरतात, पण त्यांच्या आधी कुत्रं पोचलं तर सगळं उकरून ठेवतं. रात्री तर किनाऱ्यावर नेऊच नका, तशी गावातली कुत्रीपण अंगावर येतात.

पायवाट_पुणे
बरं झालं विचारलं. कासवांचं माझ्या डोक्यातच नव्हतं, पट्टा राहील, शब्द देते. रात्री बसून परत हिशोब केला, रोजचे १० आणि आरामाचे दिवस धरले तर गुहागर या सुट्टीत बसत नाही, त्यामुळे आता दिवेआगरहून सुरू करून दाभोळपर्यंतच. आजपासून बंड्याला रोज टेकडीवर नेतेय. @खाडीपलीकडे, केळशीला जिथे तीन दिवस राहिलात त्यांचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का प्लीज?