मदत हवी आहे: लेकीच्या हृदयाचा एमआरआय करावा की सीटी?

नमस्कार मंडळी,

माझी लेक १३ वर्षांची आहे. जन्मतःच टेट्रालॉजी ऑफ फॅलो. हृदयात भोक, त्यात फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद. रडली की ओठ निळे पडायचे. ११ महिन्यांची असताना ऑपरेशन झालं. भोक बुजवलं, पॅच लावून वाट रुंद केली. पण आता तिथली झडप नीट मिटत नाही आणि दर ठोक्याला थोडं रक्त उजव्या कप्प्यात परत येतं.

दरवर्षी टू-डी इको करतो. म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. यंदाच्या रिपोर्टात उजवा कप्पा बराच वाढलाय असं आलं, पण नेमका किती ते नाही. डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे चित्र काढून समजावलं. डावा कप्पा गोल, उजवा त्याला चंद्रकोरीसारखा बिलगलेला, शिवाय छातीच्या हाडामागे दडलेला, म्हणून इकोत त्याचं माप पक्कं मिळत नाही. एमआरआयमध्ये कप्प्यात किती मिलिलिटर रक्त मावतं आणि किती टक्के उलटं येतं, दोन्ही कळतं. अंगाच्या मानाने हिशोब करून, म्हणजे शरीराच्या दर चौरस मीटरला, १५०-१६० मिलिलिटरच्या आसपास आकडा गेला की नवी झडप बसवायचा विचार करतात, असं ते म्हणाले. छातीचं हाड जोडायला ऑपरेशनमध्ये घातलेल्या स्टीलच्या तारा आहेत, तरी एमआरआय चालतो. जुन्या ऑपरेशनचे कागद मात्र आणायला सांगितलेत.

आमच्या गावच्या सेंटरला डोक्याचा, मणक्याचा एमआरआय होतो, हृदयाचा नाही. पुण्याला जावं लागेल. त्याचं काही नाही, पण जवळजवळ तासभर मशीनच्या त्या बोगद्यात निपचित पडायचं आणि सांगतील तेव्हा श्वास रोखायचा. लेक लिफ्टमध्येसुद्धा माझा हात घट्ट धरते. भूल द्यायला माझं मन धजत नाही.

नात्यातले एक जण म्हणतात, सीटी करा, काही सेकंदांत आटपतं. पण त्यात किरणं आली, आणि हिला तर जन्मभर तपासण्या आहेत. डॉक्टरांच्या मते सीटी राखून ठेवावी. झडप बसवायच्या आधी कोरोनरी धमन्या (हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या) कुठून जातात ते पाहायला ती लागेल. मला ते पटतं.

बोगद्याची सवय व्हावी म्हणून सध्या रोज रात्री लेक पलंगाखाली चटई टाकून पडून राहते आणि मी मोबाईलवर सेकंद मोजते. "श्वास सोड, थांब" म्हटलं की थांबते. काल १२ सेकंद जमलं.

कुणाच्या मुलांनी हा एमआरआय भूल न घेता केलाय का? आईला आत थांबू देतात का? आणि आज सीटी करून दोन वर्षांनी एमआरआय केला, तर दोन्हींचे आकडे ताडून बघता येतात का? तारीख दोन आठवड्यांवर आली आहे, कृपया अनुभव लिहा.