सरकारचा गेंडा, शेतकऱ्याचं रान: नामिबियासारखं आपल्याकडं गव्यांचं जमेल काय?

खोडवा_राधानगरी:
दाजीपूर अभयारण्याच्या अंगाला आमचं मालकी रान आहे. वर जंगल, खाली ऊस. परवा रात्री गव्यांनी खोडवा पार झोपवला, ठिबकच्या नळ्या खुरांखाली चेमटल्या. पंचनाम्याचं नेहमीचंच चाललंय. अशात नामिबियाचं वाचलं. तिथं १९९३ पासून सरकार काळे गेंडे खाजगी फार्मवर सांभाळायला देतंय. गेंडा सरकारचा, पिल्लू झालं तरी सरकारचंच. राखण आणि खर्च शेतकऱ्याचा. तरी लोक घेतात, कारण गेंडा बघायला पर्यटक येतात. आपल्यात गवा आला की आधी फटाके. असा करार इथं का नको?

बाळू_भुदरगड:
रान लाकूडवाल्याला दिलं की रोख पैसे मिळतात भावा. गवा काय देणार, शेण? आधी भरपाई वेळेत मिळूदे.

शाहूपुरी_मास्तर:
बाळूचं अगदीच खोटं नाही. दक्षिण आफ्रिकेत १९९१ च्या कायद्यानं, कुंपण नीट असलं तर जनावर मालकाचंच झालं. तिथल्या पांढऱ्या गेंड्यांतले आज निम्म्याहून जास्त खाजगी रानात आहेत. पण शिंगासाठी चोरटे मागं लागले आणि राखणीचा खर्च डोईजड झाला. देशातली शिंगविक्री २०१७ ला खुली झाली, बाहेर मात्र १९७७ पासून बंदीच. एका बड्या मालकानं सुमारे दोन हजार गेंड्यांचा कळप २०२३ मध्ये लिलावात काढला, एक बोली आली नाही! शेवटी एका संवर्धन संस्थेनं घेतला.

आपल्याकडं गव्याची मालकी विसरा. पण वन्यजीव कायद्याच्या कलम ३६ सी खाली मालक स्वतःहून पुढं आला तर त्याचं रान सामुदायिक राखीव, म्हणजे मालकी तशीच ठेवून वन्यजीवांसाठी राखलेलं क्षेत्र, होऊ शकतं. मेख अशी, की नंतर जमिनीचा वापर बदलायचा तर त्या राखीवाच्या व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी लागते.

खोडवा_राधानगरी:
मास्तर, इथंच घोडं अडतंय. सातबाऱ्यावर अख्खी भावकी आहे, पुण्यातले चुलते बांधाला यायचे नाहीत पण सहीला नक्की आडवे येतील. वरच्या जंगलाचा गट नंबर वेगळा आहे, तेवढाच देता येतो काय?

शाहूपुरी_मास्तर:
तो गट तुमच्या एकट्याच्या नावावर आहे काय, ते आधी बघा. असेल तर मोजणीचा नकाशा घेऊन वनखात्यात जाऊ, मी येतो.

बाळू_भुदरगड:
आणि ठिबकच्या नळ्यांचे फोटो काढून ठेव, गवतात टाकून देऊ नको.